विजेतीचा उजवा हात

माझी मुलगी सई तलवारबाजी शिकते. मागच्या उन्हाळ्यात तिच्या शिबिराला चीनमधून एक प्रशिक्षिका आल्या होत्या, एकेकाळच्या जगज्जेत्या. सकाळभर त्यांनी आमच्या पोरींना असं काही नाचवलं की आम्ही पालक चहा प्यायचं विसरलो.

दुपारी त्या माझ्या शेजारी येऊन बसल्या आणि पाण्याची बाटली माझ्यापुढे धरली. मला वाटलं, पाणी देताहेत. मी "नको, नको" म्हणाले. त्यांच्याबरोबरची दुभाषी मुलगी हळूच म्हणाली, "काकू, झाकण उघडून हवंय त्यांना. उजव्या हाताची बोटं मिटत नाहीत."

मी चरकलेच. सकाळी याच हातात तर तलवार होती!

"तलवार पट्ट्याने मनगटाला बांधतात," दुभाषी म्हणाली. ऐन उमेदीत मनगट मोडलं होतं. सुई टोचून ते बधिर केलं, बाई खेळल्या, जिंकल्या. हात मात्र पुन्हा पहिल्यासारखा झाला नाही. विजेत्यांचे फोटो आपण किती कौतुकाने बघतो. उंचावलेला हात दुखत असेल, असं कधी मनातही येत नाही.

शेजारी येऊन बसलेल्या सईने बाईंना विचारलं, "थांबावंसं नाही वाटलं?"

बाई शांतपणे काहीतरी बोलल्या. दुभाषीने खाली बघत मराठीत सांगितलं, "वाटलं होतं. पण थांबता येतं, हे तेव्हा कुणी सांगितलंच नाही."

जेवणं झाल्यावर त्या उठल्या, दातांनी पट्टा ओढून घट्ट केला आणि पुन्हा पोरींसमोर उभ्या राहिल्या. सगळे टाळ्या वाजवत होते, सईसुद्धा. माझे हात काही उचलेनात.