आईच्या जबड्याचा फोटो

आजही दवाखान्यात कुणी "कागद आमच्याकडेच राहतील" म्हणालं, की माझं डोकं सणकतं. माझी प्रत हातात पडेपर्यंत मी खुर्चीवरून उठत नाही. पोरं म्हणतात, आईचं सुरू झालं. होऊ दे सुरू!

सत्तरच्या दशकाची सुरुवात. मी राजूरला शाळेत शिकवत होते. पावसाळ्यात आईची दाढ ठणकायला लागली म्हणून तिला एसटीने नगरला दातांच्या डॉक्टरकडे नेलं. त्याने जबड्याचा एक्स-रे फोटो काढला, दाढ उपटली आणि मिसरी लावते म्हणून आईला चांगलं झापलं. आईने मान खाली घालून ऐकून घेतलं, वर घरच्या आंबेमोहोर तांदळाची पिशवी त्याच्या टेबलाशी ठेवली. डॉक्टरकडे रिकाम्या हाताने जायचं नाही, ही आमच्याकडची रीत.

दिवाळी झाली तरी सूज उतरेना. पुण्याच्या मोठ्या डॉक्टरांनी नवा फोटो काढला आणि त्यांचा चेहराच बदलला. हाड आतून खाल्लं गेलं होतं.

"हे जुनं असेल तर साधा पू आहे," ते म्हणाले. "पण आत्ताच झपाट्याने वाढलं असेल, तर यांची मिसरी बघता कॅन्सर धरून चालावं लागेल. नगरचा फोटो आणा. लवकर."

झालं, पुन्हा नगर. आणि आईच्या हातात पुन्हा तांदळाची पिशवी!

डॉक्टरने खणातून फोटो काढला, खिडकीच्या उजेडात धरला, बराच वेळ बघितला आणि परत खणात टाकला.

"फोटो पेशंटला देत नसतो."

"पुण्याला दाखवून परत आणून देते."

"तुम्हाला काय कळतंय त्यातलं? माझ्या मशीनवर काढलाय तो."

"मशीन तुमचं, पण जबडा कुणाचा?" माझा आवाज चढला. बाकावर बसलेली माणसं आत डोकावायला लागली.

तर आईच माझा हात ओढायला लागली. "आगं, डागदरसायबाला असं बोलू न्हाई. चल." तिने सुजल्या तोंडाने त्याला नमस्कार केला आणि पिशवी टेबलाशी ठेवली. मेल्याने ती मात्र ठेवून घेतली. लाज ना शरम!

तुकडा तपासूनही नक्की कळेना, आणि पुण्याच्या डॉक्टरांना थांबण्याची हिंमत झाली नाही. त्यांनी आईचा एका बाजूचा खालचा जबडा काढला. मग काढलेल्या हाडाच्या तपासणीचा निकाल आला. कॅन्सर नव्हताच. पू होता, दाढ काढायच्या आधीपासूनचा. म्हणजे नगरच्या फोटोत तो दिसत होता. म्हणून तर तो माणूस खिडकीशी एवढा वेळ उभा होता! स्वतःची चूक झाकायला त्याने माझ्या आईचं तोंड खणात कोंडून ठेवलं.

पुढे आईला भाकरी कधी चावता आली नाही. आमच्याच आंबेमोहोराची पेज करून द्यायचे मी. एकदा ओघळणारी पेज पदराने पुसत ती म्हणाली, "त्या डागदराला तांदूळ कसा लागला, इचारायचंच ऱ्हायलं बघ."

चेष्टा नव्हती ती. तिला खरंच विचारायचं होतं.