ऑरिनच्या गप्प बसण्याची अक्षरं

वर्ना टॉलेफसन आमच्या विद्यापीठाच्या संगणक केंद्रात ई-टपाल सांभाळायची. अमेरिकेतल्या ग्रँड फोर्क्समध्ये, १९८९ साली. मी साहित्याची पदवी घेऊन तिथेच टायपिंग करत होते. ती माझ्या आईच्या वयाची, तरी मैत्रीण.

तेव्हाचं ते टपाल फक्त अक्षरं वाहून नेई. आवाज पाठवायचा तर आधी त्याची अक्षरं करायची, पलीकडे अक्षरांचा पुन्हा आवाज. वाटेत काही बिघडलं की प्राध्यापक वर्नाकडे येत.

"वर्ना, तुझ्या टपालानं माझी फाइल खाल्ली."

"खाऊ दे. कुणाला तरी वेळेवर जेवण मिळालं." मग ती डोळे चोळून दुरुस्तीला बसे.

त्या शुक्रवारी बिघडलेली फाइल तिच्याच नावावर आली. तिचा धाकटा भाऊ ऑरिन उत्तरेला, बर्फातल्या हवामान केंद्रावर होता. तिथला फोन बंद पडलेला. ई-टपाल रेडिओवरून आठवड्यातून एकदाच निघे. वडील, सेल्मर, इस्पितळात होते आणि आता घरी येणार नव्हते. त्यांना ऑरिनचा आवाज ऐकायचा होता. पुढच्या टपालापर्यंत ते राहतील, असं डॉक्टर म्हणत नव्हते.

तो आवाज या फाइलमध्ये होता, आणि फाइल उघडेना.

मी पडद्यावर वाकून पाहिलं. अगम्य अक्षरांच्या काही ओळी. मग एकाखाली एक नुसते M. पानंच्या पानं.

"हे काय? गुणगुणतोय का हा?"

"गप्प बसलाय," वर्ना म्हणाली.

"म्हणजे?" मी विचारलं. ती थकल्या आवाजात सांगत राहिली. शांतता म्हणजे शून्य, आणि शून्यासाठी कोरी जागा. सुरुवातीचा M सांगतो की ओळ पूर्ण भरलेली आहे. वाटेतल्या कुठल्याशा यंत्राला ओळीच्या टोकाच्या कोऱ्या जागा फालतू वाटल्या. त्यानं छाटल्या.

"मग त्या ओळी काढूनच टाक ना. बोलणं तेवढं राहील."

"पोरी, गप्प बसणं काढलं तर ऑरिनचं उरतं काय?"

तिनं प्रत्येक ओळ कोऱ्या जागांनी पुन्हा भरून काढली. फाइल उघडली. आवाज कॅसेटवर घेतला आणि आम्ही इस्पितळात गेलो.

सेल्मर डोळे मिटून पडले होते. वर्नानं टेप लावली.

"बाबा."

मग काहीच नाही. नर्सनं दारातून डोकावलं. "टेपरेकॉर्डर बंद पडला का हो?"

"नाही पडला," म्हातारा म्हणाला. "विचार करतोय. जरा दम धर, बाई."

आम्ही थांबलो.

"बाबा, मी..." पुन्हा बराच वेळ शांतता. "इथे थंडी फार आहे."

टेप संपली.

"एवढंच?" सेल्मरनी विचारलं.

"एवढंच, बाबा."

"बरंच बोलला की!" हसता हसता त्यांना खोकला आला. "परत लाव. आणि मधलं पळवू नकोस."

वर्नानं कोट न काढताच खुर्ची ओढली.