परड्यात कुदळ मारण्याआधी

मी घर सोडलं तेव्हा अव्वा, माझी आई, परड्यात वांग्यांना पाणी घालत होती. परडं म्हणजे घरामागची आमची सहा-सात गुंठे मोकळी जागा. मैंदर्गीच्या अलीकडं शिवारात आमचं घर. मी पिशवी घेऊन उभा, एसटीची वेळ झालेली. अप्पा जाऊन वर्ष झालं होतं आणि कोरडवाहू तीन एकरांत दोन भावांचं भागणार नव्हतं, हे खरं. पण थोरल्यानं राहायचं आणि धाकट्यानं बाहेर पडायचं, असं अव्वाचं म्हणणं. थोरला मी. मी ऐकलं नाही. अप्पांमागं शेती बघणाऱ्या चुलत्याच्या हाताखाली राबणार नाही, असं चार माणसांत बोलून बसलो होतो, आता मागं कसं सरायचं? अव्वानं वर न बघता कानडीत म्हटलं, "होगि बा." जाऊन ये. एवढंच बोलली आणि कळशी उपडी केली.

सोलापुरात, शुक्रवार पेठेत एका होलसेल किराणावाल्याकडं लागलो. पहिल्यांदा झाडलोट, मग गोडाऊन, मग गल्ल्याशेजारची खुर्ची. शाळा माझी तिसरीपर्यंत, पण शेठ बाहेरगावी गेला की दुकान माझ्यावर. घरात कानडी, गिऱ्हाइकाशी मराठी, विणकर बाई आली की मोडकी तेलुगू, असं तोंड चालायचं. सगळी पेठ मला अण्णा म्हणायची आणि ते ऐकून ऐकून आपण कोणीतरी आहोत असं मला वाटायला लागलं. पहिली काही वर्षं दर सणाला गावी जायचो. मग दुकानातून सुट्टी मिळेना. नंतर नंतर मीच मागेना.

मल्लूशी, म्हणजे माझ्या धाकट्या भावाशी, बिनसलं ते त्याच्या पोरीच्या लग्नात. पत्रिका त्यानं सोलापूरला येणाऱ्या कुणाच्या तरी हाती पाठवली. थोरल्या भावाला पत्रिका, आणि परक्याच्या हाती! मी लग्नाला गेलो नाही. त्यानंतर अव्वानं निरोपावर निरोप पाठवले, ये म्हणून. "मल्लूला बोलवायला येऊ दे," एवढंच माझं उत्तर.

पुढच्या वर्षी अव्वा गेली. सकाळी दुकानाच्या फोनवर गावातला एकजण बोलला, "अण्णा, अव्वा गेली. लौकर निघा. तुमच्यासाटी थांबलोय."

मी विचारलं, "मल्लू कुटं हाय?"

"तिच्यापाशी बसलाय."

"मग त्याला उठून फोनवर येऊ दे."

असं मी बोललो. आई मेलेली असताना. फोन ठेवला आणि दुपारपर्यंत त्या फोनसमोर बसून राहिलो. वाजला नाही. शेवटी माझी बायको, नीलव्वा, दुकानात आली आणि गिऱ्हाइकांच्या देखत म्हणाली, "पोरगं तापलंय म्हनून, न्हायतर मी कवाच गेले असते. उठा आता!" उठलो. अक्कलकोटच्या स्टँडवर उतरलो तर आमच्या शिवारातली दोन माणसं मातीला जाऊन परत निघालेली. दिवस कलेपर्यंत थांबले होते म्हणे. "झालं, अण्णा. परड्यातच ठिवली. तिची तशी इच्छा हुती."

घर तिथून एका एसटीवर होतं. मी समोरच्या सोलापूर गाडीत बसलो. रागानं परतलो असं पुढं पंचवीस वर्षं सांगत आलो. लाज वाटली होती, दुसरं काही नाही.

आमच्यात जाळत नाहीत. माणसाला बसवून, कपाळाला इभूत लावून, बेलाची पानं टाकून मातीत ठेवतात, आणि जमेल तर आपल्याच जमिनीत. त्यामुळं आई कुठं गेली असं मला कधी म्हणता आलं नाही. ती होती तिथंच होती. नव्हतो तो मी.

आता पोराचा फ्लॅट जुळे सोलापुरात, चौथ्या मजल्यावर. लिफ्ट आहे, पार्किंग आहे, गॅलरीत चार कुंड्या आहेत. त्या कुंड्यांतली माती मी रोज उकरायचो. सून म्हणायची, "मामा, मुळं तुटतील." मल्लूची बायको वारली, त्याचे गुडघे गेले, म्हणून चार वर्षांपूर्वी तो अक्कलकोटला लेकीकडं राहायला गेला. गावच्या घराला कुलूप लागलं. माझ्या मनात आलं, आपण जाऊन परडं साफ करावं, अव्वा करायची तशी बाग करावी, आणि आईची जागा नीट बांधून घ्यावी. किल्ली मल्लूच्या लेकीकडून पोराकरवी मागवली. मल्लूशी मी बोललो नाही.

दार उघडून मागं गेलो आणि बघतच राहिलो. येडी बाभळ डोक्याच्या वर गेलेली, तिच्यात घाणेरी शिरलेली, खाली गुडघाभर गाजर गवत. विहिरीकडं जायला वाट नाही. नीलव्वा दारातनंच म्हणाली, "ह्यात बाग? तुमचं वय काय, बोलता काय!" तसं म्हणाली की मला जोर येतो, हे तिला माहीत आहे.

शेजारच्या वस्तीवर सिद्रामप्पा नावाचा माणूस नवीनच राहायला आलाय. तो म्हणाला, "अण्णा, जेसीबी बोलवा की. घंट्यात मैदान."

"न्हाय. हातानं करनार."

"हातानं? मग दिवाळीपातुर कापत बसा. पुढल्या."

तो हसला, मीही हसलो. खरं सांगायचं तर अव्वा ह्या सहा-सात गुंठ्यांत नेमकी कुठं आहे हे मला माहीत नव्हतं. जेसीबीचा दात कुठं पडेल सांगता येत नव्हतं. आणि विचारायचं कुणाला? सिद्रामप्पा परका. गावात जाऊन विचारावं, तर सत्तरी ओलांडलेल्या माणसानं 'माझी आई कुठं पुरलीय' असं कुठल्या तोंडानं विचारायचं? ज्याला ठाऊक होतं तो अक्कलकोटला बसलेला. एक फोन, बास. तो मी केला नाही. आपली आई आपल्याला सापडणार नाही व्हय, अशी माझी घमेंड.

कोयत्यानं फांद्या, कुऱ्हाडीनं बुंधे, मग कुदळीनं मुळं. येड्या बाभळीचं मूळ अर्धं राहिलं तर आठवड्यात पुन्हा डोकं काढतं, म्हणून खोल जावं लागायचं. तळपायात काटे मोडले. कडूलिंबाखाली एक उंचवटा लागला, वर चार दगड रचलेले. सापडली! ती जागा झाडून घेतली, शेणानं सारवली, रोज इभूत आणि बेल. आणि मग बाकीच्या रानात बेधडक कुदळ चालवली, आता भीती कसली? चर बुजवले, ढेकळं फोडली, सगळं एका पातळीत आणलं. विहिरीच्या अंगाला एक काळा दगड लागला, चांगला घडवलेला, सपाट. पहार घालून उपटला आणि हौदाशी पाय धुवायला टाकला. तिथं वांगी लावली.

पावसाळा सरता सरता बाग अशी आली की सिद्रामप्पा गप्प झाला. वांगी, गवार, दोडका, बांधाला शेवगा. नीलव्वाही येऊन राहिली. आणि तिनंच मला न सांगता मल्लूला फोन केला, "भाऊजी, या की बगायला. तुमच्या अण्णांनी लई झकास केलंय."

मल्लू रिक्षातून उतरला, काठी टेकत परड्यात आला. मी हौदाशी पाय धूत उभा. मुद्दाम नुसती मान वळवून म्हणालो, "बघ. सहा महिन्यांत काय केलंय." त्यानं वांगी बघितली नाहीत, दोडका बघितला नाही. माझ्या पायांकडं बघत होता.

"अण्णा, पाय काढ."

"का रे?"

"आदी पाय काढ तिथनं."

काढला. ज्याला धड उभं राहता येत नाही असा तो माणूस खाली बसला आणि खांद्यावरच्या टॉवेलनं दगडावरचा चिखल पुसायला लागला. "ह्यो कुटनं काडलास? अव्वाचा हाय ह्यो."

मी कडूलिंबाकडं हात केला. "अव्वा तर तितं हाय की. रोज इभूत लावतो मी."

मल्लूनं तिकडं बघितलं. "तितं माझी चंद्री हाय. म्हैस. साप चावला हुता तिला. म्हशीला इभूत लावत बसलास व्हय रे, अण्णा?"

नीलव्वा पदर तोंडाला लावून आत गेली. हसत होती की रडत होती, मी अजून विचारलेलं नाही.

मला राग यायला हवा होता, सवयीनं आलाच. म्हणालो, "मग वर बांदलं का न्हाईस? नुसता दगड टाकून ठिवलास!"

"तू आल्यावर बांदायचं म्हनून ठिवला. थोरला तू. पयला हात तुजा."

"मग सांगायचं न्हाय?"

"तू इचारायचं न्हाय?"

दोघंही एका आईची पोरं.

मग दगड होता तिथं परत ठेवू म्हणून जागा शोधायला लागलो; उपटला मीच, पण सपाट केलेल्या वाफ्यात ती खूण उरली नव्हती. मल्लू म्हणाला, विहिरीच्या काठापासून वीस पावलं, चराच्या अलीकडं. चर मी बुजवलेला. काठी टेकत त्यानं वीस पावलं मोजली, थांबला, मान हलवली. "माजी तवाची पावलं न्हाईत ही." मग मी मोजली. मग पुन्हा त्यानं. तीन वेळा तीन जागा निघाल्या, तिन्ही वांग्यांच्या वाफ्यात. एवढी सपाट जमीन मी आयुष्यात केली नव्हती. मल्लू शेवटी बांधावर टेकला आणि म्हणाला, "ह्यातच हाय कुटंतरी. ऱ्हाऊ दे आता." संध्याकाळच्या आत तो अक्कलकोटला परतला. जाताना त्याच्या पिशवीत नीलव्वानं गवार घातली, वांगी घालायला तिचा हात गेला नाही. दगड आम्ही धुवून भिंतीशी उभा केलाय. बांधायचं तर कुठं?

तुम्ही गावी राहिलेली माणसं म्हणाल, एवढं होतं तर यायचं होतं. बरोबर आहे तुमचं. आणि माझ्यासारखे निघून आलेले, मुंबई-पुण्याला, दुबईला, कुठं कुठं असलेले, तुम्ही म्हणाल आम्हाला कोणी बोलावलं नाही. मीही हेच म्हणायचो.

पोरगा दर रविवारी फोन करतो, "अप्पा, घरी कधी येताय?" त्याचं घर ते घर. मला विचाराल तर मी आता परड्यात चप्पल घालत नाही. कुदळ वापरत नाही, नवीन काही लावत नाही, आहे त्याला तांब्यानं पाणी घालतो. वांगी धरलीत, झाडावरच पिवळी पडून गळतात. काढावीत म्हणून रोज सकाळी वाफ्याच्या कडेला जातो आणि वाकतो. वाकल्यावर आपण पाया पडतोय का तिला तुडवतोय, हे मला कळत नाही. मग तसाच थोडा वेळ वाकलेला राहतो.