अर्ध्या तासानंतरची सभा

गोवा राज्य झाले त्या वर्षी डिचोलीजवळच्या त्या गावात दूध सोसायटी निघाली. सचिव झालेला रोहिदास मळीक घरोघर फिरून सांगायचा, "म्हशी कितीही असोत, इथे एका माणसाला एकच मत."

त्याला आता बारा वर्षे झाली. खाणीच्या ट्रकांवर पैसा मिळू लागला तसे गोठे रिकामे झाले. वार्षिक सभेला पुरेशी माणसे आली नाहीत तर अर्धा तास थांबायचे आणि मग हजर असतील त्यांनी सभा उरकायची, असा नियम होता. म्हणून लोक अर्ध्या तासाने यायचे. पुढे तेही यायचे थांबले.

यंदा विषय एकच होता, सोसायटी बंद करणे. दुधाचे कॅन उचलून रोहिदासची कंबर गेली होती, जीव विटला होता. सहकाराचा सात रंगांचा झेंडा लावून तो बाकावर टेकला. कोणी न आले तर बरेच.

अर्धा तास सरता सरता एका म्हशीची मालकीण पद्मावतीकाकी आली.

"ठरावाच्या बाजूने?" विचारून रोहिदासने सभासद म्हणून स्वतःच हात वर केला. "विरोधात?"

काकीने हात वर केला.

"तुझ्या एका म्हशीसाठी मी मरू?" तो करवादला.

"तूच सांगललंस मरे, धा म्हशीवाल्याकय एक मत नि माकाय एक."

एकास एक. ठराव पडला. रोहिदासने वहीत 'नामंजूर' लिहिले, झेंडा उतरवला आणि उद्याचे कॅन विसळायला तो नळावर गेला.