सरावासाठी आईची मुलाखत

मंडळी, मी जुन्नरला वकिली करते. सध्या निर्वासितांच्या कायद्याचा छोटा ऑनलाइन कोर्स करतेय. आज सरावासाठी घरातल्या कुणाची तरी मुलाखत घेऊन, त्यांना आश्रय द्यायचा की नाही ते ठरवायचं होतं.

मी आईला बसवलं. तिचं आंबेगावकडचं गाव धरणात गेलंय.

"गाव सोडताना काय आणलंस?"

"डालग्यात कोंबड्या व्हत्या."

शिकवल्याप्रमाणे थोड्या वेळानं तेच पुन्हा विचारलं.

"कायबी नाय आणलं. कोंबड्या तितंच ऱ्हायल्या."

जबाब जुळला नाही. कोर्सच्या नियमाप्रमाणे मी तिचा अर्ज नामंजूर केला. मला काहीच वाटलं नाही. अजूनही वाटत नाहीये.

मी लॅपटॉप मिटत असताना आईनं विचारलं, "पास झाले का गं मी?"

तुम्ही काय सांगितलं असतं?