घागरींच्या दोन ओळी

दुष्काळातल्या त्या संध्याकाळींची मला अजून ओढ वाटते, हे सांगायला लाज वाटते. आष्टीजवळच्या आमच्या गावात टँकर यायचा. दुपारीच बाया दूध सोसायटीसमोर रिकाम्या घागरी ओळीनं मांडून घरी जायच्या. मी आणि माझा मित्र, दोघंही मास्तर, ओट्यावर बसून पुस्तकांवर भांडायचो. माणसाच्या रक्तातच मारामारी आहे, माकडापासून चालत आलेली, असं एका पुस्तकात होतं आणि मला ते पुरतं पटलं होतं.

टँकरचा पाइप धरणारा परगावचा माणूस चाकाला टेकून, तंबाखू मळत ऐकायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. एकदा तो म्हणाला, "गुरुजी, पाण्यावाचून जीव चाललाय, तरी कुणाची घागर कुणी सरकवली न्हाई. मग रगतातली मारामारी गेली कुठं?"

"हरलास!" मित्र मला म्हणाला.

पाइपवाल्यानं तंबाखू तोंडात टाकली आणि लिंबाखालच्या दुसऱ्या, छोट्या ओळीकडं बोट केलं. "पर गावकुसाभायेरच्या आमच्या लोकांच्या घागरी तिकडं कशापायी, ते लिवलंय का त्यात?"

त्यानं पाइप उचलला आणि रोजच्यासारखी आधी आमची ओळ भरायला घेतली. माझी घागर तिसरी होती.