पिशवीवर बसणारे सुखदेवभाऊ

सुखदेवभाऊ दुरुस्तीला आले की आधी हत्यारांची पिशवी जमिनीवर ठेवत आणि तिच्यावरच फतकल मारून बसत. पान्हा कोणाच्या हाती लागायला नको, त्यांच्या स्वतःच्याही नको! मग सावकाश विचारत, "आता सांगा, बिघडली त्याच्या आदल्या दिवशी काय काय केलं?" हिवरखेडच्या बाजारात टिनाच्या छपराखाली ते फवारणीचे पंप दुरुस्त करायचे. घाईचं गिऱ्हाईक तडफडायचं, पण भाऊ ढिम्म. "मशीन सोताहून बिघडत नाई बाप्पा. कोणाचा तरी हात लागला असते."

खरं सांगते, पहिल्या भेटीत मला हा माणूस अजिबात आवडला नाही. मी धरणाकाठच्या शाळेत शिक्षिका, जिभेची तिखट आणि कायम घाईत. पाण्यापलीकडच्या वस्तीतली अकरा मुलं आमच्या शाळेत यायची, त्यात सहा मुली. काठाकाठानं यायचं तर दहा किलोमीटरचा फेरा, तोही झाडीतून. मी कचेऱ्यांचे उंबरे झिजवून एक मोटरबोट मिळवली होती, पण महिनाभराच्या बोलीवर. मुलांना आणायला-सोडायला मीही रोज तिच्यातून जायची. महिना भरला की सोमवारी कचेरीतले साहेब पाहायला येणार आणि बोट नीट चालली नाही तर दुसरीकडे पाठवणार, असं ठरलं होतं.

आणि नेमकी तेव्हाच ती रुसली. हळू चालवली तर गुणी. जरा रेस दिली की घशात घास अडकल्यासारखा आवाज काढायची आणि दम तोडायची. बोट चालवणाऱ्या किसननं प्लग बदलला, कार्बोरेटर धुतला, मोटर पाण्याच्या पिपात ठेवून चालवली. पिपात एकदम झकास! गुरुवारी मात्र मुलं बसलेली असताना भर पाण्यात बंद पडली. वल्हवत काठ गाठला, तेव्हा दुर्गाचे वडील तिथं उभेच होते. म्हणाले, "मॅडम, उद्यापासून पोरगी येणार नाई. बोट गेली का शाळा बी गेली." दुर्गा माझ्या वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी. ती वडिलांमागून मान खाली घालून गेली.

शनिवारी मी भाऊंना घेऊन आले, तर हे आपले पिशवीवर बसले.

"भाऊ, सोमवार तोंडावर आलाय, गप्पा काय मारता!" मी कडाडले.

"मॅडम, घाई तुमाले हाय, मशीनले नाई."

किसन म्हणाला, "भाऊ, पिपात तर मस्त चालते ना."

"पिपात तिले कुठं जाचं होतं? भार टाका, मंग बोला."

भार म्हणून त्यांनी किसनला, मला आणि तमाशा बघायला आलेल्या दुर्गाच्या वडिलांनाही बोटीत बसवलं. स्वतः बोटीतही पिशवीवरच बसले! मध्यावर किसननं रेस दिली आणि मोटर घरघरून बसली. भाऊंनी मोटरकडे पाहिलंसुद्धा नाही. टाकीपासून मोटरपर्यंत जाणाऱ्या नळीत एक रबरी फुगा असतो, तो पार चपटा झाला होता. त्याकडे पाहत त्यांनी विचारलं, "मॅडम, तुमी रोज कुठं बसता?"

"इथंच. टाकीपाशी."

"मंग पेट्रोलचा वास येत असंन."

यायचाच. त्या वासानं मला रोज सकाळी मळमळायचं. म्हणून टाकीच्या झाकणावरचा छोटा स्क्रू मीच एक दिवस घट्ट आवळला होता, आणि मग रोज आवळत होते.

भाऊंनी तो स्क्रू जरा फिरवला. फुस्स करून टाकीनं हवा ओढली. "पेट्रोल बाहेर जाते, तेवढी हवा आत याले पायजे," ते म्हणाले. "हळू चालताना भागते, रेस देल्ली का उपाशी मरते. किसन, दे आता."

किसननं रेस दिली आणि बोट नाक वर करून अशी पळाली की माझा पदर उडाला.

"पण थे बंद कोणं केलं?" दुर्गाच्या वडिलांनी विचारलं आणि थेट किसनकडे पाहिलं. त्या बिचाऱ्यानं मान खाली घातली. भाऊ नुसते पाण्याकडे पाहत बसले. मला गप्प राहता आलं असतं. फार मोह झाला, खोटं कशाला बोलू?

"मी केलं," मी म्हणाले.

तेव्हा कुठे भाऊ पिशवीवरून उठले. "आता झाली दुरुस्त."

"अहो, ती तर मघाशीच झाली!"

"मघाशी चालू झाली. तुमी बोलल्या नसत्या तर उद्या वास आला का पुन्ना आवळला असता."

आवळला असता, अगदी शंभर टक्के! भाऊंनी माझी बसायची जागा पुढे, टाकीपासून लांब केली. सोमवारी साहेब आले, तेव्हा दुर्गाच्या वडिलांनी स्वतः तिला बोटीत बसवलं. बोट आमच्याकडेच राहिली. आता दुर्गा सातवीत आहे आणि रोज सकाळी बसण्याआधी झाकणाचा स्क्रू तीच सैल करते.

गेल्या हिवाळ्यात भाऊ गेले. मी वर्गातच मुलांसमोर हमसून हमसून रडले. भेटायला गेले, तर वहिनींनी ती पिशवी माझ्या हातात ठेवली. "त्याईनं सांगतलं होतं, मॅडमले द्या, लय घाई करते." डोळे पुसता पुसता आम्ही दोघी हसलो.

परवा किसनचा निरोप आला, मोटर पुन्हा अडली म्हणून. मी पिशवी घेऊन काठावर गेले, ती खाली ठेवली आणि तिच्यावर बसले. "किसन, काल काय काय केलं, सांग."

किसननं डोकं खाजवलं. "सांगतो मॅडम. पण रागावू नका."

"नाही रागावत," मी म्हणाले आणि बसूनच राहिले.